विश्लेषण : पदवी नाही, तरी पगार चांगला… रोडपालीच्या परिसरातील नोकऱ्या काय सांगतात?

दहावी-बारावीचा निकाल लागला की 'पदवीशिवाय लाखाचा पगार' अशा जाहिराती मोबाइलवर झळकू लागतात. त्यातल्या काही निव्वळ आमिष असतात, काहींत तथ्यही असते. पनवेल तालुक्यातील रोडपालीभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात महाविद्यालयाची पायरी न चढता चांगली कमाई करणारे अनेक जण आहेत. मात्र त्यांच्याकडे पदवी नसली, तरी दुसरा एखादा कागद असतोच. तो कागद कोणता, तो कोण देतो आणि त्यासाठी काय मोजावे लागते, यावर सगळे गणित ठरते.

रोडपालीच का?

रोडपाली हे मूळचे गाव. नवी मुंबई वसवताना ते सिडकोच्या कळंबोली वसाहतीला जोडले गेले आणि २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाल्यावर तिच्या हद्दीत आले. गावाच्या एका अंगाला कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, दुसऱ्या अंगाला तळोजा औद्योगिक वसाहत. उरणच्या दिशेने १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवाचे जेएनपीए बंदर आहे, बेलापूरमध्ये जहाज कंपन्यांची आणि भरती संस्थांची कार्यालये आहेत, तर उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. हमालीपासून वैमानिकापर्यंतची कामे एवढ्या छोट्या टापूत क्वचितच आढळतात. त्यामुळे पदवी नसलेल्याला कुठे आणि का जास्त पैसे मिळतात, हे इथे नीट तपासता येते.

माथाडीला पगार मिळतो तो कशाच्या जोरावर?

ओझे उचलण्याच्या कामाला शिक्षणाची अट नाही. अशा कामात माणसे भरपूर आणि मजुरी तुटपुंजी असेच सर्वत्र चित्र असते. महाराष्ट्रात ते काही अंशी बदलले ते कायद्यामुळे. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या माथाडी चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार कामगार आणि मालक या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते. मालक मजुरी थेट हातात न देता ती लेव्हीसह मंडळाकडे भरतो. मंडळ त्यातून पगार देते आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार यांची सोय करते. कळंबोलीच्या बाजारात हे काम मुंबई लोखंड व पोलाद कामगार मंडळाच्या चौकटीत चालते.

म्हणजे तेच ओझे, तोच ट्रक. पण नोंदणीकृत टोळीतला कामगार आणि नाक्यावरून उचललेला रोजंदार यांच्या कमाईत आणि म्हातारपणात मोठा फरक पडतो. हा फरक केवळ कौशल्याचा नाही, तो संघटनेचा आणि नोंदणीचा आहे.

पण हे दार सर्वांसाठी उघडे नाही. टोळीत जागा सहज मिळत नाही. क्रेन आणि फोर्कलिफ्टमुळे हाताने करायचे काम घटते आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, अशी उद्योजकांची तक्रार असते. त्यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले गेले. त्यामुळे खऱ्या कामगाराचे संरक्षणच जाईल, असे म्हणत माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. त्यामुळे आज शाळा सोडणाऱ्या मुलाने यावर भरवसा ठेवून बसावे, अशी स्थिती नाही.

तळोज्यात कोणत्या कागदाला किंमत आहे?

तळोजा वसाहतीत रासायनिक, औषधनिर्मिती, अभियांत्रिकी असे कारखाने आहेत. तिथे साधा कंत्राटी मदतनीस वर्षानुवर्षे किमान वेतनाच्या आसपास राहतो. त्याच कारखान्यातला बॉयलर अटेंडंट मात्र त्याच्यापुढे जातो. कारण सरळ आहे. कायद्याच्या कक्षेत येणारा बॉयलर प्रमाणपत्रधारक माणसाशिवाय चालवता येत नाही. १९२३ च्या कायद्यातही हीच भूमिका होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या बॉयलर कायद्यातही ती कायम आहे. या प्रमाणपत्रासाठी पदवी लागत नाही. प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा लागते. असा माणूस रजेवर गेला, तर मालकाला तसाच दुसरा शोधावा लागतो. पगार मागण्याची ताकद येते ती इथून.

आयटीआयमधील 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' हा दोन वर्षांचा ट्रेड, वीजतंत्रीचा परवाना, उच्च दाबाच्या पाइपांचे वेल्डिंग करण्याची चाचणी उत्तीर्ण असल्याचा दाखला या सर्वांचे असेच आहे. सुरुवात मात्र हलाखीची असते. २०१९ च्या नियमांनी शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले होते. चांगल्या पगारापर्यंत पोहोचायला अनुभवाची काही वर्षे जातात आणि त्या काळात घर चालवणारे दुसरे कोणी असावे लागते.

जहाजावरची नोकरी दहावीवर मिळते का?

मिळते. 'जीपी रेटिंग' हा सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेने चालतो. दहावीला एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के गुण, वय साडेसतरा ते २५ आणि वैद्यकीय तपासणीत पात्रता, या त्याच्या मुख्य अटी. पनवेल तालुक्यातीलच न्हावा येथे 'टी. एस. रहमान' ही खलाशी घडवणारी जुनी संस्था आहे. प्रशिक्षणानंतर सीडीसी, म्हणजे खलाशाचे अधिकृत नोंदपुस्तक मिळते. त्याशिवाय जहाजावर नोकरी करता येत नाही.

पगाराचा एक आंतरराष्ट्रीय निकष आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समितीने अनुभवी खलाशासाठी १ जानेवारी २०२६ पासून दरमहा किमान ६९० डॉलर मूळ वेतन ठरवले आहे. म्हणजे साधारण ६० हजार रुपये. जादा काम आणि रजेचे पैसे वेगळे. नवख्या मुलाला याहून कमी मिळते. पण जेवणखाण आणि राहणे जहाजावरच असल्याने हातात राहणारी रक्कम मोठी वाटते. परदेशात दीर्घकाळ राहिल्याने अनिवासी ठरणाऱ्या खलाशाला करातही सवलत मिळू शकते.

मग हिशेब कुठे चुकतो?

पहिली चूक महिन्याच्या आकड्याने होते. जहाजावरची नोकरी करारावर असते. आठ महिने काम आणि चार महिने घरी, असे धरले तर ६० हजारांचे मूळ वेतन वर्षभरात विभागून महिना ४० हजार होते. पुढचा करार लांबला तर आणखी कमी. अभ्यासक्रमाचे शुल्क, सुरक्षा प्रशिक्षणे आणि कागदपत्रे यांवरचा खर्च त्याआधीच झालेला असतो. तो बहुधा कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून केलेला असतो.

दुसरी चूक महागात पडते. 'जहाजावर लावून देतो' म्हणत लाखो रुपये घेणाऱ्या दलालांविरुद्ध नवी मुंबईत वारंवार गुन्हे नोंदले गेले आहेत. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. पारपत्र, नोंदपुस्तक आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याच्यावर येऊ शकतो. भरती करणाऱ्या संस्थेकडे आरपीएसएल परवाना असावा लागतो आणि तो नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ही एक गोष्ट माहीत असती, तर अनेक घरांचे पैसे वाचले असते.

बेकायदा मार्गाने गेलेल्याचा धोका पैशांपुरता राहत नाही. मालकाने पगार थांबवून जहाज आणि खलाशी वाऱ्यावर सोडून देण्याचे प्रकार वाढत आहेत. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३,१३३ खलाशी असे अडकले होते. त्यांत सर्वाधिक, ८९९ जण, भारतीय होते.

विमानतळामुळे चित्र बदलेल का?

काही प्रमाणात. विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्याला किंवा व्यावसायिक वैमानिकाला कायद्याने पदवी लागत नाही. बारावी विज्ञान आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. वैमानिकाचा पगार पदवीधरांना हेवा वाटावा असा असतो. पण त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते आणि प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहून वर जातो. इथे पदवी लागत नसली तरी भांडवल लागते. विमानतळावर संख्येने जास्त असणाऱ्या नोकऱ्या सामान हाताळणी, सफाई, सुरक्षा आणि खाद्यपदार्थ विक्रीच्या असतात. त्यात कंत्राटदार बदलता येतो आणि माणूसही. त्यामुळे ज्यांच्या जमिनींवर हे प्रकल्प उभे राहिले, त्या गावांतील तरुणांचा प्रश्न केवळ नोकरी मिळण्याचा राहत नाही. कोणत्या नोकरीसाठी प्रशिक्षण मिळते, हा त्याचा गाभा होतो.

मग पदवीचे महत्त्व संपले का?

नाही. सरासरी पाहिली तर पदवीधराची कमाई आजही जास्त आहे. शिवाय पदवी एकाच धंद्याला बांधलेली नसते. बॉयलरचे प्रमाणपत्र बॉयलर असेल तिथेच चालते आणि सीडीसीचा उपयोग समुद्रावरच होतो. पाठ दुखावली, दृष्टी कमी झाली किंवा घरी कोणी आजारी पडले, तर त्या कागदाची किंमत एकदम उतरते. कारखान्यातही ठरावीक पदानंतर डिप्लोमाची अट आडवी येते.

म्हणूनच पुढे वाट असलेला कागद महत्त्वाचा ठरतो. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. जीपी रेटिंग केलेला खलाशी ठरावीक सागरी सेवा आणि परीक्षांनंतर अधिकारी होऊ शकतो. बारावीला भौतिक, रसायन आणि गणितात ६० टक्के असतील, तर प्रवेश परीक्षा देऊन थेट अधिकारीपदाच्या प्रशिक्षणाकडेही जाता येते.

निवड करताना काय पाहावे?

चार प्रश्न पुरेसे आहेत. या कागदाशिवाय ते काम करण्यास कायद्याने बंदी आहे का? तो कागद सरकारमान्य संस्था देते, की जाहिरात करणारा क्लासच छापून देतो? सर्व खर्च आणि रिकामे महिने वजा करून वर्षाची कमाई किती उरते? आणि दहा वर्षांनी त्या कागदावरून पुढचा कागद मिळवता येतो का? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर पदवी नाही म्हणून कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पहिल्या दोनांतच अडखळायला झाले, तर जाहिरातीतला पगार कितीही मोठा असो, तिथे पैसे भरू नयेत.