नजरगहाण मोटार

नवी वस्तु घरांत कशी आणावी हें सर्वांस ठाऊक असतें. जुनी वस्तु घराबाहेर कशी काढावी हें प्रसंग येईपर्यंत कोणी शिकत नाहीं. मोटारीच्या बाबतींत हें विशेषच खरें आहे. मोटार येते तेव्हां सुवासिनी तिला ओवाळतात, चाकापुढें नारळ फुटतो, आणि चार दिवस आधीं बँकेंत कर्जाच्या करारावर केलेल्या वीस-पंचवीस सह्या कोणाच्या लक्षांतहि राहत नाहींत. पुढें दोन-तीन वर्षांनीं चिरंजिवांची परगांवीं बदली होते, घरांत मोठें आजारपण निघतें, किंवा धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च अंगावर येतो. हप्ता जड वाटूं लागतो, आणि रात्रीच्या पंगतींत कोणी तरी म्हणतो, “मोटार काढूनच टाकूं या.” विचार वाईट नाहीं. परंतु जी वस्तु आपण विकावयास निघालों ती आपली किती व बँकेची किती, एवढें तरी कर्त्या मंडळींनीं आधीं समजून घेतलें पाहिजे.

आपल्या स्मृतिकारांना हा विषय नवा नव्हता. मनुस्मृतींत व्यवहाराचीं, म्हणजे वादविषयांचीं, जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें ऋणादान आणि तिसरें अस्वामिविक्रय, म्हणजे धनी नसतां केलेली विक्री. कर्जाची मोटार परस्पर विकणारा गृहस्थ या दोन पदांमधल्या बोळांतून चालत असतो. गहाणाला ते ‘आधि’ म्हणत व त्याचे गोप्य आणि भोग्य असे भेद करीत. गोप्य आधि सावकारानें नुसता जपून ठेवावयाचा. भोग्य आधीचा त्यानें उपभोग घ्यावयाचा. दोहोंतहि वस्तु सावकाराच्या घरीं जाई. मोटारीच्या कर्जांत याच्या नेमकें उलट असतें. वस्तु ऋणकोच्या दारांत, किल्ली त्याच्या खिशांत, आणि हक्काची दोरी तेवढी धनकोच्या हातांत. बँकेच्या कागदांत यास ‘हायपोथिकेशन’ म्हणतात. आपल्या भाषेंत नजरगहाण हा सुरेख शब्द त्यासाठीं आहे. सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, तसाच मोटारीच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर बँकेच्या नांवाचा बोजा चढलेला असतो. बोजा असलेली जमीन घेतांना दहा वेळां विचार करणारीं माणसें मोटारीच्या बाबतींत मात्र तो विसरतात, याचें नवल वाटतें.

कायदा याविषयीं स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५१ व्या कलमाप्रमाणें, प्रमाणपत्रावर ज्या बँकेचें नांव नोंदलेलें आहे तिची लेखी संमति असल्याखेरीज मोटारीच्या मालकी-बदलाची नोंद होऊं शकत नाहीं. म्हणजे विकण्यास मनाई नाहीं. चोरून विकण्यास मात्र वाव नाहीं.

असें असतां एक आडवाट सर्रास वापरली जाते. घेणारा म्हणतो, “निम्मे पैसे आज रोख घ्या, उरलेले हप्ते मी भरीत जाईन, कर्ज फिटलें कीं मोटार माझ्या नांवावर करून द्या.” शंभर-पांचशें रुपयांच्या मुद्रांकावर दोन परिच्छेद लिहिले जातात, दोन साक्षीदार सह्या करतात, आणि मोटार दारांतून निघून जाते. घेणारा बहुधा नात्यांतला किंवा ओळखीचा असतो, व तेथेंच खरी अडचण आहे. परक्याजवळ आपण कागद मागतों. आपल्या माणसाजवळ मागण्याचा संकोच वाटतो. भीड ही भिकेची बहीण, हें आपण मुलांना सांगतों आणि स्वतः विसरतों.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत असेंच घडलें. मोटार मुलाच्या नांवावर, आणि कर्जास जामीन सत्तरी उलटलेले वडील. मुलगा परदेशीं जावयास निघाला तेव्हां मामेभावाच्या स्नेह्यानें मोटार मागितली. वडिलांनीं बँकेला विचारावें असें सुचविलें, तर तो म्हणाला, “काका, आपसांत बँक कशाला? आपला माझ्यावर विश्वास नाहीं का?” काका गप्प बसले. अकरा हप्ते वेळेवर भरले गेले; बारावा भरला गेला नाहीं. मोटार कोठल्या जिल्ह्यांत गेली त्याचा पत्ता नाहीं, स्नेह्याचा दूरध्वनि बंद, आणि बँकेच्या नोटिसा येऊं लागल्या त्या काकांच्या नांवानें. त्या गृहस्थांनीं जन्मभर वाण्याची उधारीसुद्धां महिन्याच्या पहिल्या तारखेपलीकडे नेली नव्हती. पोस्टमन दारांत दिसला कीं ते आंतल्या खोलींत जाऊन बसत. शेवटीं निवृत्तिवेतनांतून साठविलेली ठेव मोडून त्यांनीं कर्ज फेडलें. पैसा गेला त्याचें दुःख त्यांनीं गिळलें. परंतु त्या मुद्रांकाच्या कागदावर सही करणारा आपलाच मुलगा होता, व आपण त्याला अडविलें नाहीं, हें त्यांना अखेरपर्यंत सलत होतें.

यांत बँकेचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. करार झाला तो तिचा आणि ऋणकोचा. ऋणको व तिसरा मनुष्य यांनीं आपसांत काय लिहिलें तें तिला बांधीत नाहीं. हप्ता चुकला कीं पत बुडते ती मूळ ऋणकोची, व पुढें घरासाठीं कर्ज मागतांना तो डाग आडवा येतो. याहून मोठें भय अपघाताचें. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत निर्णय दिला कीं, मोटार विकली जाऊन एकाहून अधिक हातांतून गेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नांवावर राहिली तोच अपघाताच्या नुकसानभरपाईस मालक म्हणून जबाबदार. म्हणजे मोटार हांकणार कोणी, जखमी होणार कोणी, आणि न्यायालयाची नोटीस येणार आपल्या वाड्यावर! घेणाराहि सुखांत नसतो. त्यानें सर्व हप्ते भरले तरी मोटार दुसऱ्याच्याच नांवावर. विकणारा मध्येंच वारला तर वारसांच्या दारांत खेपा घालणें त्याच्या नशिबीं येतें.

सरळ वाट थोडी लांब आहे, पण अवघड नाहीं. प्रथम बँकेकडून अमुक तारखेस कर्ज पुरतें मिटविण्यास किती रक्कम लागेल तें लेखी घ्यावें. अदमासावर विसंबूं नये. उदाहरणार्थ, ६ लाख रुपये दरसाल ९ टक्क्यांनीं ५ वर्षांकरितां घेतले, तर मासिक हप्ता सुमारें १२,४५५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यांतले ४,५०० रुपये व्याजांत जातात. मुद्दल फिटतें तें केवळ ७,९५५. बरोबर निम्मे, म्हणजे ३० हप्ते भरल्यावर घरांत समज असतो कीं तीन लाख फिटले. वस्तुतः ३,७३,६५० रुपये भरूनहि सुमारें ३,३३,५०० रुपये मुद्दल शिल्लक राहतें. शिवाय व्याजाचा दर कायम स्वरूपाचा असेल, तर मुदतीपूर्वीं फेड केल्याबद्दल करारांत आकार लिहिलेला असूं शकतो, तोहि पाहावा. मोटारीची येणारी किंमत या रकमेहून कमी असेल, तर फरक घरांतून घालावा लागेल, ही गोष्ट गिऱ्हाईक ठरविण्यापूर्वींच पंगतींत बोलून घ्यावी.

दुसरें, घेणाऱ्यानें कर्जाइतकी रक्कम विकणाऱ्याच्या हातीं न देतां सरळ कर्जखात्यांत भरावी. दोघांनीं मिळून शाखेंत जाणें उत्तम. घेणाराहि कर्ज काढणार असेल, तर त्याची बँक आपल्या बँकेशीं परस्पर व्यवहार मिटवूं शकते. तिसरें, कर्ज मिटतांच बँकेकडून ना-हरकत पत्र आणि बोजा संपल्याचा नमुना ३५ घ्यावा, व त्यांतील इंजिन व चासीचे अंक प्रमाणपत्राशीं ताडून पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांप्रमाणें वैयक्तिक कर्जाची पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आंत मूळ कागद परत करणें व नोंदविलेला बोजा काढणें हें बँकेचें कर्तव्य आहे. तिच्या दोषानें विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई तिनें द्यावयाची आहे. तेव्हां कागद नम्रपणें, पण लेखी मागावे.

चौथें, परिवहन कार्यालयांत बोजा उतरवून नमुना २९ व ३० भरून मोटार घेणाऱ्याच्या नांवावर करावी. राज्यांतल्या राज्यांत विक्री असेल, तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत ती कळविली पाहिजे. ‘तुम्ही सही करून ठेवा, तारीख मी मागाहून घालतों’ असें दलाल म्हणेल. कोऱ्या नमुन्यावर सही देऊं नये. विम्याचें पत्रहि घेणाऱ्याच्या नांवावर होण्यासाठीं त्यानें १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावयाचें असतें. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट मात्र विकणाऱ्याचीच. ती त्याच्या पुढील मोटारीस लागू होते. पथकराचा फास्टॅग बंद करावा, आणि मोटार ताब्यांत देतांना दिवस व वेळ घालून पोंच घ्यावी.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट कटाक्षानें पाळावी. कर्ज कोणाच्या नांवें, जामीन कोण, हप्ता कोणत्या खात्यांतून जातो, हें घरांतील स्त्रियांसह सर्व वडील मंडळींस ठाऊक असावें. आणि जामिनास विचारल्यावांचून विक्रीचा शब्द बाहेर जाऊं नये. जो सही करून बसला आहे त्याला न विचारतां व्यवहार करणें म्हणजे त्याच्या नांवावर परस्पर दुसरें कर्ज काढण्यासारखेंच आहे. आणि नात्यांतला मनुष्य “विश्वास नाहीं का?” असें विचारील, तेव्हां त्याला शांतपणें सांगावें, “विश्वास आहे, बाबा, म्हणूनच कागद करतों. उद्यां तुझ्यामाझ्यांत वाद नको.” ज्याच्या मनांत वांकडें नाहीं तो या उत्तरानें रागावणार नाहीं. जो रागावेल, त्याला मोटार न देणेंच श्रेयस्कर.