वेणीवरचा निकाल

अमेरिकन एअरलाइन्समधील एका कृष्णवर्णीय महिला कर्मचाऱ्याच्या दाव्याचा मुख्य भाग 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने फेटाळला, तेव्हा वाद होता तो ‘कॉर्नरो’चा, म्हणजे टाळूलगत ओळीने घट्ट गुंफलेल्या वेण्यांचा. केसांचा नैसर्गिक पोत जन्मजात असतो, वेणी मात्र माणसाने रचलेली आणि सहज सोडता येण्याजोगी असते, म्हणून तिच्यावरील बंदी वंशभेद ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. बो डेरेक या गोऱ्या अभिनेत्रीच्या 1979 च्या चित्रपटाने ही केशरचना लोकप्रिय झाल्याचा मुद्दाही निकालात आला. आफ्रिकेतील शतकांची परंपरा एका चित्रपटाच्या खाती जमा झाली. वेण्यांचा अंबाडा घालून त्यावर गंगावन बांधण्याचा पर्याय कंपनीने सुचवला होता, आणि कृत्रिमतेला आक्षेप घेणाऱ्या निकालाला त्यात काही वावगे वाटले नाही.

या युक्तिवादाचा पायाच कच्चा आहे. घट्ट वेटोळ्यांच्या केसांत टाळूचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत सहज उतरत नाही, त्यामुळे ते कोरडे पडून तुटतात, आणि वेणी घातल्याने रोजची ओढाताण टळते. म्हणजे ज्याला न्यायालयाने हौस मानले ती मुळात निगा आहे. उलट कार्यालयांना ‘नीटनेटके’ वाटणारे सरळ केस तापवलेल्या धातूच्या कंगव्याने किंवा कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीच्या लेपाने, प्रसंगी टाळू भाजून घेऊन, घडवावे लागतात.

सत्तेची ही नजर जुनी आहे. स्पॅनिश अमलाखालील लुइझियानात गव्हर्नर मिरो याने 1786 मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस वस्त्राखाली झाकण्याचा हुकूम दिला. त्यांनी त्या वस्त्राचेच भरजरी शिरोभूषण केले.

कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये ‘क्राउन’ कायदा करून वंशाच्या व्याख्येत केसांचा पोत, वेण्या, पीळ आणि ‘लॉक्स’ (जटांप्रमाणे गुंतवून वाढवलेले केस) यांचा समावेश केला, आणि 1981 चा भेद त्या राज्यापुरता मोडीत निघाला. संघीय पातळीवर मात्र 2022 मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेले विधेयक सिनेटमध्ये अडकले. टेक्ससमध्ये 2023 पासून असाच कायदा लागू आहे. तरीही मुलांच्या केसांच्या लांबीवर बंधन घालणाऱ्या शाळेच्या नियमाने त्याचा भंग होत नाही, असे तेथील न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये ठरवले, कारण त्या कायद्यात लांबीचा उल्लेख नाही. लॉक्स वर्षानुवर्षे वाढवूनच घडतात आणि कापल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाढवावे लागतात, ही बाब त्या निकालात निर्णायक ठरली नाही.