आडोसा

तळ्याकाठी माणसासाठी छप्पर बांधूच नये, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून 'या बाईंना गावाची सुधारणा नको आहे' असं कुणी म्हणायला नको. छप्पर हवंच. पण सध्या जे बांधलं जातंय, ते ना माणसाच्या उपयोगाचं, ना पाखरांच्या.

गेल्या माघात आम्ही दहा-बाराजणी आमच्या भागातल्या एका तलावावर पक्षी बघायला गेलो. कोणता तलाव ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. बांधावर, अगदी पाण्याला खेटून, तीन सिमेंटच्या छत्र्या उभ्या होत्या. खांबांना झाडाच्या बुंध्यासारखा रंग, वर अळंबीसारखं लाल छप्पर, खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजू सताड उघड्या. फोटो काढायला गावाच्या नावाची रंगीत अक्षरं आणि रात्रीसाठी मोठे दिवे. आम्ही पायऱ्या चढलो मात्र, काठावरचे शेकाटे आणि बदकं एकदम उठली आणि पार पलीकडे जाऊन बसली. एकच दुर्बीण होती. तिच्यातून आम्ही आळीपाळीने ठिपके पाहिले. तासाभरात ऊन तिरपं आत आलं. छत्रीची सावली छत्रीत न पडता भलतीकडेच पडली.

मग खरा प्रश्न आला. आमच्यातल्या सत्तरीच्या काकूंना साखरेचा विकार. शौचालय होतं, त्याला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, ते राखणदारालाही ठाऊक नव्हतं. "उसात जावा की वैनी, समदी तिकडंच जात्यात," तो बिचारा मनापासून म्हणाला. काकू काही गेल्या नाहीत. दिवसभराची सहल दहाच्या आत आटोपून आम्ही घरी आलो. पुढच्या वेळी काकू येणार नाहीत, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

जे झाकायला हवं ते उघडं, आणि जे उघडं असायला हवं त्याला कुलूप. एवढंच माझं भांडण आहे.

हे मी एका तरुण पक्षीमित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "काकू, पाणथळ जागा म्हणजे बाग नव्हे. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांनी येऊ नये." बोलायला सोपं आहे. त्याच्याकडे मोटार आहे, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा आहे, आणि गरज पडली तर कुठलंही झाड त्याला चालतं. बाईला कुठलंही झाड चालत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, शाळेच्या पोरींना, अंगावर पिणारं मूल घेऊन आलेल्या आईला चालत नाही. निसर्ग कुणी बघायचा, हे अशा बारीकसारीक सोयींवरच ठरतं. ज्यांनी तळं कधी डोळे भरून पाहिलंच नाही, ते उद्या बुजवलं गेलं तर त्या बाया भांडायला तरी का येतील?

म्हणून मला दोन्ही पंथ नकोत. पाखरांच्या नरड्याशी छत्री बांधणाराही नको आणि माणसाला उन्हात ताटकळत ठेवणाराही नको.

पाखरं काही छत्री बघून येत नाहीत. निपाणीहून संकेश्वर, हुक्केरी करत घटप्रभेला जा. तिथल्या धुपदाळच्या बंधाऱ्याचं पाणी इंग्रजांच्या काळात शेतीसाठी अडवलं. मागे उथळ पाणी पसरलं, बेटं तयार झाली, आणि पाखरं आपणहून आली. हिवाळ्यात मध्य आशियाकडून कांड्या करकोचे येतात, पांढरे करकोचे येतात. 1974 साली ते अभयारण्य झालं, साधारण 29 चौरस किलोमीटरचं. नाशिककडचं नांदूर मधमेश्वरही तसंच, बंधाऱ्याच्या फुगवट्यावर जमलेलं. 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. दोन्ही ठिकाणी पाखरांना काय हवं होतं? उथळ पाणी, चिखल, गवत, आणि माणसाची थोडी दूर राहण्याची बुद्धी.

ही बुद्धी कायद्यालाही सुचलेली आहे. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत, मागच्या दहा वर्षांतली सरासरी पूररेषा धरून तिच्यापासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम करू नये, असं आहे. सूट फक्त बोटींच्या धक्क्याला. पण त्याच नियमांत पाणथळ जागेची व्याख्या करताना माणसाने पिण्यासाठी किंवा शेतीसाठी बांधलेले तलाव वगळून टाकलेत. आता आमच्याकडे बघा. निपाणीचा जवाहर तलाव पिण्याच्या पाण्याचा. खेड्यापाड्यांतले बहुतेक तलाव शेतीचे. म्हणजे पाखरू ज्या पाण्यावर उतरतं, ते या कागदावर पाणथळ नाहीच! हळदीकुंकू बदकाला कुणी ही व्याख्या वाचून दाखवायची? (चोचीवर पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. बारसं करणारी नक्की बाई असणार.) कायदा जिथे गप्प बसतो, तिथे गावाने शहाणपणाने वागायचं असतं. आपण मात्र कायदा गप्प आहे म्हणून सिमेंट कालवायला घेतो.

मग छप्पर कसं असावं? इंग्लंडमध्ये स्लिमब्रिज नावाची जागा आहे. महायुद्ध संपल्यावर 1945 च्या हिवाळ्यात पीटर स्कॉट नावाच्या चित्रकाराने तिथल्या लष्करी मोर्च्यात बसून रानहंस पाहिले, आणि पुढच्या वर्षी तिथे पाणपक्ष्यांसाठी संस्था उभी केली. बंदुकीसाठी ठेवलेली फट, तिच्यातून पाखरं दिसली. उपयोगी काय ठरलं? भिंत आणि फट. आत माणूस झाकलेला, बाहेर पाखरू निवांत.

आपल्याला त्यासाठी इंग्लंड गाठायला नको. जोंधळ्याच्या रानातला माळा आठवा. चार मेढी, वर फळ्या, गवताचं छप्पर. पाखरं हाकलायला, गोफण घेऊन बसायला तो बांधत. सुगी संपली की माळा उतरवून टाकत. मेढी पुढच्या वर्षाला, गवत जनावरांना. लग्नाचा मांडवही तसाच, पाहुणे गेले की निघाला. माझं म्हणणं, तळ्याकाठचा आडोसाही असाच असावा. कार्तिकात उभा करावा, पाखरं परतली की चैत्रात काढून घ्यावा. बांबू, पाचट, गवत. पाण्याकडे भिंत, तिला दोन उंचीवर फटी, एक मोठ्यांसाठी आणि एक पोरांसाठी व खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. दार मागून. दारापर्यंतची वाटही कुडाने झाकलेली. तोंड असं, की सकाळचं ऊन पाठीवर यावं.

"दरवर्षी बांधायचं म्हणजे खर्च!" असं म्हणतील. असू दे की. तो पैसा गावातल्याच बुरडाला, मजुराला मिळेल. सिमेंटची छत्री एकदाच बांधतात आणि मग कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. फरशी फुटते, पण जागा अडलेली ती अडलेलीच. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत खड्यासारखी अंडी घालते. फरशीवर ती कुठे घालणार?

पक्कं काही बांधायचंच असेल तर शौचालय बांधा. पाण्यापासून लांब, गावाच्या बाजूला, आणि किल्ली गावातल्या बाईकडे. ते आमच्यासारख्या चार तासांच्या पाहुण्यांपुरतं नको. ऊसतोडीला आलेल्या बाया त्याच रानात पाचटाच्या कोपीत महिनोन् महिने राहतात. त्यांच्यासाठी कुणी रंगीत छत्री बांधली नाही. त्यांनाही ते दार उघडं असावं.

आमच्या घरात दानाचे चार प्रकार लहानपणीच पाठ होतात: आहार, औषध, शास्त्र, अभय. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मात्र चौघांत आवासाचं नाव येतं. मुनींना उतरायला जागा देणं, हा तिथला मूळ अर्थ. मी शास्त्र जाणणारी नाही, संसारी बाई आहे. पण तळ्याकाठी उभं राहिल्यावर मला ही दोन नावं शेजारीशेजारी दिसतात. माणसाला आवास, पाखराला अभय. एकाला देताना दुसऱ्याचं काढून घेतलं तर त्याला दान कसं म्हणायचं? आणि ते रात्रीचे दिवे! दिव्यावर जीव पडतात म्हणून आमच्या सासूबाई सूर्य मावळायच्या आत चूल विझवायच्या. इथे कुणी बघायला नसताना पाण्यावर रात्रभर उजेड पाडायचा आणि सकाळी किड्यांचा सडा झाडायचा. कुणासाठी?

तुमच्या गावच्या तलावावर 'सुशोभीकरण' येणार असेल, तर पुढच्या ग्रामसभेला जा. बायांनी जा. चारच प्रश्न विचारा. पाण्यापासून किती अंतरावर? पाखरांना आम्ही दिसणार की नाही? रात्री दिवा कशाला? आणि शौचालयाची किल्ली कुणाकडे?

चौथ्या प्रश्नाला हसतील. हसू द्यावं आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहावं. काकूंना मी सांगून ठेवलंय, पुढच्या माघात परत जायचं आहे.