कलमाची आई विचारा

मृगाच्या आसपास दरवर्षी आपल्या घरात एक खरेदी होते आणि तिचा हिशोब कुणी मांडत नाही. साडीसाठी दहा दुकानं पालथी घालणारी बाई आंब्याचं कलम मात्र दोन मिनिटांत उचलते. पूर्वी हे कलम शेजारच्या गावच्या रोपवाटिकेतून यायचं, नाहीतर माहेरहून. आता ते मॉलच्या ट्रॉलीतून येतं, मोबाइलवर मागवलं की पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं, किंवा हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोतून येतं. तालुक्याच्या गावालगत मोठ्या साखळीची दुकानं आली, आणि काहींच्या दारात कुंड्यांची रांगही लागली. तुळस, मनी प्लान्ट, जास्वंद आणि त्यांना खेटूनच आंबा, पेरू, चिकू.

तुळस-जास्वंद कुठूनही घ्या, मैत्रिणींनो. फार तर महिन्याभरात मान टाकेल, पन्नास-शंभर रुपये गेले म्हणायचं. फळझाडाची गोष्ट निराळी आहे, कारण फळझाड घेताना आपण जे विकत घेतो ते त्या दिवशी दिसतच नाही.

आंबा कोयीपासून लावला तर फळ धरायला आठ-दहा वर्षं जातात आणि फळ मूळ झाडासारखं येईल याचा भरवसा नसतो. म्हणून तर कलम करतात. रायवळ आंब्याची कोय रुजवायची आणि कोवळ्या, तांबूस रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधायची. कोकणात याला कोय कलम म्हणतात. खालचा खुंट एका झाडाचा, वरची काडी दुसऱ्याची. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसतं आणि ते कसं असेल हे ठरतं काडी कुठल्या झाडाची होती त्यावर. रोपवाटिकावाले त्या झाडाला मातृवृक्ष म्हणतात. आपण पैसे मोजतो ते खरं तर या आईचे. पिशवीतलं वीतभर कलम हापूसचं की दुसऱ्या कशाचं, हे नुसती पानं बघून सांगणं जाणत्यालाही जड जातं, मग आपली काय कथा!

मॉलमध्ये ही आई नसते. साखळी दुकानाची खरेदी मुख्य कार्यालयातून होते. त्यांच्या यादीत कलम म्हणजे शाम्पू, बादली, चादर यांच्यासारखाच एक नग. एकाच पुरवठादाराचा माल सगळ्या शाखांना जातो. तुमची जमीन काळी की मुरमाड, पाऊस किती, विहिरीला पाणी कधीपर्यंत, हे विचारायला तिथे कुणी नाही, आणि काउंटरवरच्या मुलीला विचारून उपयोगही नाही. ती बिचारी काल बिस्किटांच्या विभागात होती. म्हणून जालना-परभणीकडच्या दुकानातही हापूसची चिठ्ठी लावलेलं कलम हौसेने विकलं जातं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. त्या हवेचं, त्या मातीचं ते झाड. पठारावर केसर जास्त बरा येतो. हे गावची जाणती रोपवाटिका न विचारता सांगते.

आता जरा स्वयंपाकघरातला हिशोब करू. समजा, मॉलमधलं कलम रोपवाटिकेपेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त पडलं. (बरेचदा ते महागच पडतं, पण असू दे.) उन्हाळा-हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या पाणी म्हटलं तरी वर्षाला सव्वाशे-दीडशे बादल्या होतात. पाच वर्षांत सातशे. त्या घरातलं कोण उचलतं, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय आळं करणं, शेणखत, शेळी तोंड लावेल म्हणून काट्यांचं कुंपण. पाचव्या वर्षी कैरी लागते आणि पिकल्यावर कळतं की आंबट, रेषाळ आंबा आलाय. आता परत नवं कलम लावायचं, म्हणजे पुन्हा पाच वर्षं. गेले ते शंभर रुपये नव्हेत, बाईच्या कष्टांची पाच वर्षं.

ऑनलाइन खरेदीत तर नावांचाच बाजार आहे. मियाझाकी आंब्याचं बघा. किलोला लाखोंचा भाव, अशा बातम्या आल्या आणि जिकडेतिकडे मियाझाकीची रोपं विकायला निघाली. मियाझाकी हा जपानमधला प्रांत आहे. तिथला आंबा मूळचा अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा, जातीचं नाव आयर्विन. तिथे तो काचघरात वाढवतात, फळाला जाळी बांधतात, वजन, रंग आणि गोडी यांच्या कसोटीला उतरलेली निवडक फळंच मोठ्या किमतीला जातात. लिलावातला भाव त्या निवडीचा आणि हौसेचा. तो तुमच्या परसातल्या रोपाला कसा मिळेल?

सफरचंदाचंही तेच. कमी थंडीत येणारी सफरचंदं आहेत, ही गोष्ट खरी. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी 'एचआरएमएन-९९' ही जात शोधली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही हौशी लोक तिची लागवड करतात. पण खोक्यातून आलेल्या रोपावर खरोखर त्याच जातीची काडी आहे, हे कोण सांगणार? 'ॲना' नावाची दुसरी एक जात सर्रास विकतात. तिला चांगलं फळ धरायला जवळ दुसऱ्या जातीचं, बहुधा डॉर्सेट गोल्डनचं झाड लागतं. एकच झाड मागवणाऱ्या बाईला हे न सांगता विकलं, तर फुलं बघून समाधान मानायचं.

फळ खोटं निघालं तर नुकसान एका घराचं. रोग आला तर सगळ्या शिवाराचं होतं. डाळिंबाच्या तेल्या रोगाने सोलापूर, नाशिक, नगरकडच्या बागा कशा उद्ध्वस्त झाल्या, ते तिकडच्या वाचक विसरल्या नसतील. फळावर तेलकट डाग पडतो, मग ते तडकतं. हा जिवाणूजन्य रोग लांबच्या गावी जातो तो मुख्यतः रोगट झाडाच्या फांदीवर बांधलेल्या गुटी कलमातून. रोप हिरवंगार दिसतं, रोग आत लपलेला असतो. नागपुरी संत्र्याला डिंक्या होतो. त्यासाठी डोळा जमिनीपासून चांगला वीतभर उंच भरलेला हवा, म्हणजे तो ओल्या मातीला टेकत नाही. घाईत, स्वस्तात केलेल्या कलमात डोळा खाली भरलेला असतो आणि लावताना तो आणखी मातीत जातो.

साखळी दुकानांमुळे असा रोग किती झपाट्याने पसरू शकतो, याचं उदाहरण अमेरिकेत घडलेलं आहे. २००९ च्या उन्हाळ्यात तिथल्या ईशान्य भागात टोमॅटोवर करप्याची मोठी साथ आली. मोठ्या साखळी दुकानांमधून विकली गेलेली रोगट रोपं हे तिच्या फैलावाचं एक मोठं कारण ठरलं. घराघरांतल्या वाफ्यांतून रोग शेतकऱ्यांच्या शेतात पोचला. टोमॅटो निदान एका हंगामाचं पीक. फळबागेचं झालं तर?

सरकारलाही हा धोका पटलेला दिसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'क्लीन प्लान्ट' कार्यक्रमाला मंजुरी दिली. रक्कम १,७६५ कोटी ६७ लाख रुपये, आणि देशभरात नऊ केंद्रं, जिथून रोगमुक्त मातृवृक्षांचा माल रोपवाटिकांना मिळावा. त्यांतली तीन महाराष्ट्रासाठी ठरली आहेत: पुण्याला द्राक्ष, नागपूरला संत्रं, सोलापूरला डाळिंब. चांगलं आहे. पण केंद्रातून निघालेली काडी वाढून, तिची कलमं होऊन आपल्या गावच्या रोपवाटिकेत यायला वर्षं लागतील. आणि मॉलच्या दारातल्या कुंडीचा या साखळीशी संबंध काय, हा प्रश्न उरतोच.

म्हणजे रोपवाटिकावाले सगळे साधुसंत, असं अजिबात नाही. १९९० मध्ये राज्यात रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड सुरू झाली, कलमांना अचानक मागणी आली आणि गावोगाव रोपवाटिका उगवल्या. काही उत्तम निघाल्या. काहींच्या आवारात मात्र आजही एक मातृवृक्ष सापडत नाही. परराज्यातून गाडी येते, पिशव्या उतरतात, पाटी लागते. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमला रोपवाटिकांचं मोठं आगर आहे, तिथून देशभर माल जातो. त्यात गैर काही नाही, फक्त तो आणून 'आमच्याकडेच बांधलेलं कलम' म्हणून विकू नये.

यासाठी आपल्या राज्यात १९६९ पासून कायदा आहे. फळझाडांच्या रोपवाटिकेला कृषी खात्याचा परवाना लागतो. खुंट आणि काडी कुठून आणली याची नोंद ठेवावी लागते, मातृवृक्ष कुठे आहेत त्याचा नकाशा लागतो आणि कलमाला जातीच्या नावाची चिठ्ठी हवी. तेव्हा रोपवाटिकेत गेलात की परवाना कुठे लावलाय ते बघा आणि सरळ विचारा, 'दादा, याची आई दाखवा.' जो हसत झाडापाशी नेईल, त्याच्याकडून घ्या. जो 'ताई, गॅरंटी आहे हो' म्हणत राहील, त्याला राम राम करा. पिशवीही उचलून बघा. खालून मुळं बाहेर येऊन गोल वेटोळी झाली असतील तर ते कलम जुनं. जोड पक्का भरलेला हवा आणि जोडाच्या खालून फुटलेली हिरवी पालवी खुंटाची असते, तिला भुलू नका.

एवढं सगळं खरं असताना बायका मॉलकडे का वळतात? नुसतं 'जाहिरातीला भुलतात' म्हणून सोडून देणं सोपं आहे, मला ते पटत नाही. मॉल रात्री नऊपर्यंत उघडा असतो, रविवारी असतो, घासाघीस नाही, कुणी 'मालक आले नाहीत का?' विचारत नाही. सरकारी रोपवाटिका गावापासून लांब, वेळ कचेरीची, एसटी मिळाली तर मिळाली. योजनेतून कलमं घ्यायची तर सातबारा लागतो. राज्याची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८ पासून आहे. तिच्यात अनुदान तीन वर्षांत विभागून आणि झाडं जगली तरच मिळतं, आणि कलमं सरकारी, कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यता असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्यावी लागतात. म्हणजे सरकार स्वतःचे पैसे घालताना पुरती काळजी घेतं. पण सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटदारांमध्ये बायका जेमतेम चौदा होत्या. नवऱ्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे, पण तलाठ्याकडे तो अर्ज घेऊन जायला घरातून संमती मिळायला हवी ना! पिशव्या भरायला, कोयी लावायला, पाणी घालायला रोपवाटिकेत बायाच असतात. गिऱ्हाईक म्हणून मात्र ती व्यवस्था बाईला ओळखत नाही. मॉल ओळखतो. रोपवाटिका जगायच्या असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं.

मॉलमधून किंवा मोबाइलवरून घेतलंच असेल, तर बिल जपा. त्या पानाचा फोटो, चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रार अधिकारी कोण, हे ग्राहकाला दिसलंच पाहिजे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. खराब बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलं आहे. अडचण एकच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. उशीर झाला तर तो का झाला ते आयोगाला पटवावं लागतं. कलम मेलं तर हे सोपं. पाचव्या वर्षी फळ भलतंच निघालं, तर उशिरावरून वाद होणारच, आणि तेव्हा तो जपलेला कागदच कामी येईल.

बचत गटाच्या मैत्रिणींना मी एक सुचवीन. वीस जणींची मागणी एकत्र करा. दापोली, राहुरी, अकोला, परभणी या चारही कृषी विद्यापीठांकडे फळझाडांच्या रोपवाटिका आहेत. वीस घरांची पन्नास-साठ कलमं झाली की टेम्पोचं भाडं अंगावर येत नाही, शिवाय पावती गटाच्या नावाने राहते. अंगण लहान असेल तर ठेंगणा आम्रपाली विचारा. पेरूत सरदार, म्हणजे जुना लखनौ-४९; नाव लखनौचं असलं तरी निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडला. मागणी मात्र उन्हाळ्यातच नोंदवा. पाऊस पडल्यावर गेलात तर हापूस, केसर संपलेले असतात आणि तिथला माणूस म्हणतो, 'ताई, रत्ना घेऊन जा.' कोकणातल्या मैत्रिणींनी तो घ्यायला हरकत नाही. नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ मध्ये दिलेली ही जात आहे, दरवर्षी धरते आणि हापूससारखा तिच्यात साका होत नाही.