घराचा उंबरठा आणि चाकाची खुर्ची

अपंगांच्या हक्कांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी यांच्या याचिकेवर जो निर्णय दिला, त्याची चर्चा वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इमारती आणि वाहतूक अपंगांना वापरता येतील अशी असावी, असे बंधनकारक भाषेत म्हटले होते. त्या कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी मात्र केवळ मार्गदर्शक सूचनांचा संग्रह पुढे केला. कायदा आज्ञा करतो आणि नियम विनंती करतात, ही विसंगती न्यायालयाने दूर केली. पंधराव्या नियमाचा संबंधित भाग कायद्याशी विसंगत ठरवून, किमान काही मानके तरी सक्तीची असलीच पाहिजेत आणि ती सरकारने तीन महिन्यांत तयार करावीत, असा आदेश देण्यात आला.

निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु त्याचा आणि एकूणच या विषयावरील कायद्यांचा रोख कचेऱ्या, न्यायालये, रेल्वेस्थानके, शाळा अशा सार्वजनिक वास्तूंकडे आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाचेही तसेच. माणूस सार्वजनिक वास्तूत दिवसाचे काही तास असतो; उरलेला वेळ तो घरात काढतो. ज्याला घराच्या तीन पायऱ्या उतरता येत नाहीत, त्याच्या दृष्टीने कचेरीपुढील उताराचा मार्ग असून नसल्यासारखाच. तेव्हा हा प्रश्न घरापासून सुरू करावयास हवा. आणि तेथे केवळ कायद्याची नव्हे, तर आपल्या अभिरुचीची आणि हिशेबाचीही अडचण आहे.

किती जणांचा प्रश्न?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजार होती. देशातील अपंगांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीचे अपंगत्व होते. हे सर्वच चाकाची खुर्ची वापरतात असे नव्हे. तरी पायरी, उंबरठा आणि अरुंद दार यांचा त्रास त्यांतील बहुतेकांना होतो. दोन टक्क्यांसाठी सर्वांची घरे का बदलावीत, असा प्रश्न येथे काहीजण विचारतील.

या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, हे दोन टक्के ठरलेले आहेत आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के आयुष्यभर त्यांच्या बाहेरच राहतील. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०५० पर्यंत भारतात दर पाच माणसांमागे एकाहून अधिक माणूस साठीपुढचा असेल. पक्षाघात, मोडलेले खुब्याचे हाड, झिजलेले गुडघे, रस्त्यावरचा अपघात यांपैकी काहीही कोणत्याही घरात येऊ शकते. वयाच्या पस्तिशीत एखादा शिक्षक वीस वर्षांचे कर्ज काढून लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा घेतो. कर्ज फिटते तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा असतो. ज्या वयात घर खऱ्या अर्थाने त्याचे होते, त्याच वयापासून जिना त्याचा वैरी होऊ लागतो.

घर ही पन्नास-साठ वर्षे टिकणारी भांडवली वस्तू आहे. ती घेताना ग्राहक मात्र आजच्या आपल्या शरीराचा विचार करतो. बांधणाऱ्यालाही पुढच्या तीस वर्षांशी कर्तव्य नसते. जेथे खरेदीदाराची दृष्टी आखूड आणि विक्रेत्याचा हितसंबंध अल्पकाळाचा, तेथे बाजार आपण होऊन योग्य वस्तू पुरवीत नाही, ही अर्थशास्त्रातील जुनीच शिकवण आहे. अशा ठिकाणीच नियमाची गरज उत्पन्न होते.

आकडे आणि विटा

आता प्रत्यक्ष मापे पाहू. उताराच्या मार्गाचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे एक फूट चढावयाचे तर बारा फूट लांबीचा उतार हवा. आपल्याकडे बंगल्याचे जोते पावसाच्या पाण्यापासून संरक्षण म्हणून साधारणपणे दीड फूट उंच असते. त्यासाठी अठरा फूट लांबीचा उतार लागेल. पुढच्या अंगणात सरळ रेषेत एवढी जागा क्वचितच मिळते. म्हणून घाईने बांधलेला उतार निम्म्या लांबीत उरकला जातो. मग तो इतका चढा होतो, की खुर्चीतील माणूस मागून कोणी ढकलल्यावाचून वर जाऊ शकत नाही आणि उतरताना तोल जाण्याची भीती असते. उतार आहे, पण उपयोग नाही, अशी अवस्था अनेक सार्वजनिक इमारतींतही दिसते.

दाराचा हिशेब याहून सोपा आहे. चाकाची खुर्ची साधारणपणे सव्वादोन फूट रुंद असते आणि ती हाताने फिरवणाऱ्याच्या कोपरांना दोन्ही बाजूंस थोडी जागा लागते. म्हणून दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट असावी असा दंडक आहे. आपल्या सदनिकांत बाहेरचे दार तेवढे असते. परंतु न्हाणीघराचे आणि संडासाचे दार अडीच फूट किंवा त्याहूनही कमी. शिवाय ते आत उघडते. ज्या खोलीत जाणे टाळता येत नाही, तिचेच दार सर्वांत अरुंद! परिणामी आई, पत्नी किंवा सून त्या माणसाला दिवसातून अनेक वेळा उचलते. तिच्या कंबरेचे दुखणे राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. तिने सोडलेली नोकरीही तेथे 'अपंगत्वाचा खर्च' म्हणून नोंदली जात नाही. म्हणून घरात बदल करण्याचा खर्च आपल्याला मोठा वाटतो आणि बदल न करण्याचा खर्च शून्य वाटतो.

इमारत बांधतानाच दार अर्ध्या फुटाने रुंद ठेवले तर जादा खर्च जवळजवळ होत नाही. उलट काही विटा वाचतात. तेच दार दहा वर्षांनी रुंद करावयाचे तर भिंत फोडावी लागते, फरशी उखडते, वीज आणि नळ यांच्या वाहिन्या हलवाव्या लागतात. या एका गोष्टीवरून धोरण कोणत्या क्षणी लागू करावे हे ठरते. नकाशा मंजूर होतो तो क्षण सर्वांत स्वस्त आहे.

सौंदर्याची भीती

परंतु पैसा हे एकच कारण नाही. घरात असे बदल करण्यास कुटुंबे नाखूश असतात, कारण 'घराचा दवाखाना होईल' ही भीती. पांढरे लोखंडी कठडे, सिमेंटचा उघडा उतार, भिंतीला ठोकलेले नळकांडे हे चित्र डोळ्यांपुढे येते. ही भीती क्षुद्र म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे घर. ते देखणे असावे असे त्याला वाटणारच. आणि अपंग माणसाला तर ते अधिक वाटते, कारण त्याचा अधिक वेळ त्याच घरात जातो. आपल्यामुळे घर विद्रूप झाले, ही बोचणी त्याच्या मनाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

वस्तुतः सोय आणि सौंदर्य यांचे वैर नाही, हे थोर वास्तुशिल्पींनी दाखवून दिले आहे. अमेरिकेत रॉकफर्ड येथील केनेथ लॉरेंट हे दुसऱ्या महायुद्धात सेवा बजावलेले गृहस्थ कमरेखाली पंगू झाले होते. त्यांच्यासाठी फ्रँक लॉइड राइट यांनी आखलेले घर १९५२ मध्ये पुरे झाले. अपंगांविषयीचा अमेरिकेचा प्रसिद्ध कायदा १९९० चा. हे घर त्याच्या अडतीस वर्षे आधीचे. सगळे घर एका पातळीवर, दारे रुंद, उंबरठे नाहीत, बसल्या जागी हात पोहोचेल अशी योजना आणि बागेकडे वळलेली काचेची लांब कमानदार भिंत. लॉरेंट पतिपत्नी तेथे जवळजवळ साठ वर्षे राहिली. आज ते घर संग्रहालय आहे आणि लोक ते पाहावयास जातात, ते दवाखाना म्हणून नव्हे! फ्रान्समध्ये बोर्दो येथे रेम कूलहास यांनी १९९८ मध्ये अपघाताने पंगू झालेल्या गृहस्थासाठी बांधलेल्या घरात, सुमारे तीन मीटर बाय साडेतीन मीटरची एक खोलीच तिन्ही मजल्यांमधून वरखाली जाते. ही धनिकांची उदाहरणे खरीच. त्यांतील यंत्रे आपल्याला परवडणार नाहीत. मागची दृष्टी मात्र परवडेल. अपंगाची गरज अखेरीस जोडलेले ठिगळ न मानता, घराच्या आखणीचा आरंभबिंदू मानावी, एवढीच ती दृष्टी.

आपल्या घरांत हे कसे साधेल? अठरा फुटांचा उतार समोर मावत नसेल, तर तो बाजूच्या भिंतीलगत वळवून न्यावा. त्याला खडबडीत शहाबादी फरशी घालावी आणि कडेला जाईजुईचा वाफा करावा. मग तो बागेतील पायवाटेसारखा दिसतो, आणि सायकल, बाळाची गाडी, गॅसचे सिलिंडर हे सारे त्याच वाटेने येते. न्हाणीघराचा उंबरठा पाणी अडवण्यासाठी असतो. तेच काम जमिनीला मोरीकडे नीट उतार देऊन आणि दाराशी लांबट जाळी बसवून होते. आत उघडणाऱ्या दाराऐवजी सरकते दार केल्यास जागा वाचते. आधाराचा दांडा सागवानी असू शकतो आणि त्यावर टॉवेलही वाळू शकतो. दिव्यांची बटणे हात वर न करता पोहोचतील अशा उंचीवर घेतली तर लहान मुलांनाही ती सोयीची. ओल्या जागेतील गुळगुळीत, चकचकीत फरशी मात्र टाळावयास हवी; तिच्यावर धडधाकट माणसेही घसरतात.

स्वयंपाकघराच्या ओट्याचे उदाहरण बोलके आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्या बहुतेक घरांत स्वयंपाक बसून होत असे. उभ्याचा ओटा आला तेव्हा जुन्या मंडळींना तो विचित्र वाटला. आज त्याच्याशिवाय घराची कल्पना करवत नाही. ओट्याचा एक भाग थोडा खाली घेऊन त्याखाली गुडघ्यांसाठी जागा मोकळी ठेवली, तर खुर्चीतील गृहिणी किंवा गृहस्थ स्वयंपाक करू शकेल. उंची ही परंपरा नव्हे, ती सवय आहे. आणि सवय आपण एकदा बदललेली आहे.

काय करता येईल

यावर एक रास्त आक्षेप आहे. तीनशे चौरस फुटांच्या पुनर्वसन सदनिकेत खुर्ची वळवण्यास लागणारे दीड मीटरचे वर्तुळ कोठून आणावयाचे? प्रत्येक खोलीत ते शक्य नाही, हे मान्य करावे. म्हणूनच मागणी माफक हवी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ पासून नव्या घरांना जे बंधन घातले गेले, त्याचा गाभा एवढाच की, प्रवेश शक्यतो पायरीविना असावा, दारे पुरेशी रुंद असावीत आणि प्रवेशाच्या मजल्यावर संडास असावा. आपल्याकडेही तळमजल्याच्या आणि लिफ्ट असलेल्या इमारतींतील प्रत्येक नव्या घराला पायरीविना प्रवेश आणि न्हाणीघरासह सर्व दारांची ९० सेंटिमीटर रुंदी, या दोन अटी तरी बांधकाम परवान्यातच असाव्यात.

दुसरा प्रश्न जुन्या इमारतींचा, म्हणजेच मुख्यतः सहकारी गृहनिर्माण संस्थांचा. जिन्याशी कठडा किंवा दारात उतार हवा असे एखाद्या सभासदाने म्हटले, की विषय सर्वसाधारण सभेत जातो आणि 'दर्शनी भाग बिघडेल', 'गाडी लावायची जागा जाईल' या आक्षेपांवर तहकूब होतो. लाभ एकाचा आणि वर्गणी सर्वांची, असे दिसले की बहुमत विरोधी जाणारच. येथे सभासदांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१६ च्या कायद्यातील 'खाजगी आस्थापना' या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा हा प्रश्न शेजाऱ्यांच्या औदार्याचा मानणे चूक आहे. सहकार खात्याने नमुना उपविधींत असा बदल करावा, की योग्य मापाच्या उतारास आणि कठड्यास बहुमताची परवानगी लागणार नाही. संस्थेने केवळ जागा आणि रचना सुचवावी.

तिसरा प्रश्न पैशाचा. इंग्लंडमध्ये घरातील अशा बदलांसाठी स्थानिक संस्था ३० हजार पौंडांपर्यंत अनुदान देऊ शकतात. आपल्याकडे १९८१ पासून चालू असलेल्या केंद्रीय योजनेतून गरजूंना चाकाची खुर्ची मिळते. पण ती ज्या दारातून जावयाची ते दार रुंद करण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातील पाच टक्के निधी अपंगांसाठी राखावा असा महाराष्ट्राचा आदेश आहे. त्यातील ठराविक वाटा घरदुरुस्तीसाठी ठेवला आणि माप पाहून काम मंजूर करण्याचे काम नगरपालिकेच्या अभियंत्याकडे दिले, तर नवी योजना काढण्याचीही गरज नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राला 'चाकाची खुर्ची' हेच नाव दिले. सोळाव्या वर्षी पंगू झालेल्या या बाईंनी पुढे १९८४ मध्ये संस्था उभारून असंख्य अपंगांना शिक्षण आणि रोजगार मिळवून दिला. अशा व्यक्तींच्या जिद्दीचे आपण मनापासून कौतुक करतो. परंतु समाजाच्या व्यवस्थेची परीक्षा असामान्य माणसांवरून होत नसते. जिच्या अंगी विलक्षण जिद्द नाही, जिला केवळ सकाळी उठून स्वतः न्हाणीघरात जावे, दाराशी बसून रस्ता पाहावा आणि जमल्यास कामावर जावे एवढेच वाटते, अशा सामान्य व्यक्तीला ते साधते की नाही, यावरून ती होते. 'अपंग' या शब्दाच्या जागी 'दिव्यांग' हा शब्द आपण तत्परतेने आणला. दाराचे माप अर्ध्या फुटाने वाढवण्यास त्याहून अधिक काळ लागू नये.