बॅकअप ठेवायचा, पण दुसऱ्याचा

दरवर्षी ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये एक वेगळीच लगीनघाई सुरू होते. फॅन्टसी फुटबॉलचा ड्राफ्ट! एरवी मीटिंगला पाच मिनिटं उशिरा टपकणारी माणसं ड्राफ्टला मात्र अर्धा तास आधीच एक्सेल शीट उघडून बसलेली असतात. इकडची आपली मराठी मंडळीही यात मागे नाहीत. आणि दरवर्षी एक वाद ठरलेला: पहिल्या राउंडमध्ये जो भारीतला रनिंग बॅक उचलला, त्याचाच बॅकअप पुढे एखादा राउंड खर्चून घेऊन ठेवायचा की नाही? बहुतेकांचं उत्तर 'म्हणजे काय, घ्यायलाच पाहिजे'. माझं उत्तर 'नको'. बॅकअप जरूर घ्या, एक सोडून तीन घ्या, पण दुसऱ्यांच्या खेळाडूंचे घ्या. का, ते सांगतो.

आधी ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडे २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळणं बंद होईपर्यंत ड्रीम इलेव्हनवर जे चालायचं, त्यात प्रत्येक मॅचला नवी टीम असायची, आणि एकच विराट कोहली लाखो लोकांच्या टीममध्ये असू शकायचा. ऑफिसातल्या फॅन्टसी फुटबॉलची तऱ्हा वेगळी. १० किंवा १२ जणांची लीग, सुरुवातीला एकदा ड्राफ्ट, आणि एक खेळाडू एकाच मालकाचा. तुम्ही घेतलात की तो सीझनभर तुमचा, बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. खऱ्या मॅचमध्ये त्याने १० यार्ड पळून काढले की तुम्हाला १ गुण, टचडाउन केला की ६. ही कल्पना १९६२ची, ओकलंडच्या बिल विंकेनबाख आणि मंडळींची. म्हणजे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून लोक कागद-पेन्सिल घेऊन हे उद्योग करतायत.

आता बॅकअप रनिंग बॅकलाच एवढा भाव का? वाइड रिसीव्हर जखमी झाला तर त्याच्याकडे जाणारे पास उरलेल्या तिघा-चौघांत वाटले जातात, कुणा एकाचं घबाड होत नाही. रनिंग बॅकचं तसं नाही. ते काम विकेटकीपरसारखं आहे. मुख्य माणूस बाहेर गेला की बऱ्याचदा ग्लोव्हज जसेच्या तसे दुसऱ्याच्या हातात. काल आठवड्याला चार वेळा बॉल मिळणारा माणूस आज वीस वेळा पळतो. अंगात काही नवीन आलेलं नसतं, फक्त काम आलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बेंचवरच्या माणसाला अचानक प्रोजेक्ट मिळतो, आणि तोही अख्खा.

२०१५चं पिट्सबर्ग बघा. १ नोव्हेंबरला लेव्हियन बेलचा गुडघा गेला आणि बत्तिशीतल्या डीअँजेलो विल्यम्सने सीझनअखेर ९०७ यार्ड आणि ११ रनिंग टचडाउन केले. २०१८मध्ये पुन्हा तिथेच, पुन्हा बेलच्याच जागी. या वेळी तो जखमी नव्हता, कराराच्या भांडणात अख्खा सीझन घरी बसला होता. जागा मिळाली जेम्स कॉनरला. कॉलेजात असताना कॅन्सरमधून बरा झालेला हा पोरगा. त्याने ९७३ यार्ड, १२ रनिंग टचडाउन केले आणि प्रो बोलपर्यंत गेला.

अशा खेळाडूला फॅन्टसीवाले 'हँडकफ' म्हणतात, म्हणजे हातकडी. मुख्य खेळाडू आणि त्याचा बॅकअप एकाच हातकडीत बांधून ठेवायचे, एक पडला तर दुसरा आहेच. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं! त्यातून आपण पडलो आयटीवाले. बॅकअप नसलेला सर्व्हर बघितला की आपल्याला घाम फुटतो.

पण जरा आकडेमोड करू. आकडे नुसते समजण्यापुरते. तुमचा हुकमी रनिंग बॅक आठवड्याला १८ गुण देतो. त्याचा बॅकअप मुख्य भूमिकेत आला तर १२ देईल. लीगमध्ये कुणीच न घेतलेल्या फुकट्या खेळाडूंतून कुणी उचललात तर ७. तुमचा हुकमी जखमी झाला आणि हँडकफ जवळ असला तर तुमची टीम ६ गुणांनी खाली येते. नसला तर ११ने. म्हणजे हँडकफने ५ गुण वाचवले.

आता समजा तुमच्या बेंचवर शेजारच्या क्युबिकलवाल्याच्या हुकमी खेळाडूचा बॅकअप आहे, आणि तो हुकमी जखमी झाला. तुमचा १८वाला ठणठणीत आहे. तुमच्या तिसऱ्या रनिंग बॅकच्या जागी ९ गुणांचा कुणी खेळत होता, तिथे आता १२वाला आला. फायदा ३.

मग काय, ५ मोठे की ३? पाचच मोठे. हँडकफवाले इथेच वही मिटतात. माझा वाद नेमका इथून सुरू होतो.

बारा जणांच्या लीगमध्ये बक्षीस बहुतेक पहिल्याला असतं. पाचव्या नंबरवर सन्मानाने टिकून राहिल्याबद्दल कुणी केक कापत नाही. स्वतःचा हँडकफ वापरायची वेळ येते तेव्हा तुमची टीम आधीच ६ गुणांनी अधू झालेली असते. ५ गुण वाचले हे खरं, पण ते एका मागे पडलेल्या टीमचे वाचले. उलट दुसऱ्याचा बॅकअप फळतो तेव्हा तुमची टीम शाबूत असते आणि त्यावर ३ चढतात. आणि ज्याचा हुकमी गेला तो तुमचा प्रतिस्पर्धी ११ने खाली गेलेला असतो. त्याला तो बॅकअप हवाच आहे, आणि तो आहे तुमच्याकडे! तुम्ही स्वतः खेळवा, नाहीतर त्याला देऊन त्याच्याकडून एखादा तगडा रिसीव्हर काढून घ्या. स्वतःच्या हँडकफवर असा सौदा करायला गेलात तर तुमच्याच टीमला भोक पडणार.

थोडक्यात काय, तर स्वतःचा हँडकफ हा विमा आहे आणि दुसऱ्याचा बॅकअप हे लॉटरीचं तिकीट. घराचा विमा काढायलाच पाहिजे, कारण घर गेलं तर माणूस रस्त्यावर येतो. फॅन्टसी लीगमध्ये सातवे आलात काय आणि अकरावे आलात काय, जेवायला घरीच जाणार आहात. मग विम्याचा हप्ता कशाला भरायचा? आणि हप्ता लहान नाही. बेंचवर साधारण सहा जागा असतात. त्यातली एक अशा माणसाला द्यायची, जो तुमचं आधी वाईट झाल्याशिवाय काही कामाचाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, 'पहिला पिक खर्च केलाय रे, त्याचं रक्षण नको?' पिक खर्च झाला तो झाला. त्याच्यामागे बेंचची जागा घातली म्हणून तो परत मिळत नाही.

दुसरी गोची अशी की विमा ज्याच्या नावाने काढला तो माणूसच बरेचदा चुकीचा निघतो. टीमच्या यादीत दोन नंबरवर लिहिलेला माणूस वेळ आल्यावर दोन नंबरचा असेलच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावं असं आहे. २०२१मध्ये रहीम मॉस्टर्टच्या मागे सगळ्यांनी तिसऱ्या राउंडचा ट्रे सर्मन धरला होता. पहिल्याच मॅचला सर्मन मैदानातसुद्धा उतरला नाही, मॉस्टर्ट जखमी झाला आणि सहाव्या राउंडच्या इलायजा मिचेलने १०४ यार्ड काढले. सीझनअखेर ९६३. पुढे २०२४. आता क्रिस्तियन मॅकॅफ्री सगळ्या ड्राफ्टांत पहिल्या नंबरवर आणि त्याचा हँडकफ म्हणून शहाणी मंडळी मिचेलला धरून. ऑगस्टमध्ये मिचेलच जायबंदी झाला. सप्टेंबरच्या पहिल्या मॅचला मॅकॅफ्रीही बाहेर आणि १४७ यार्ड पळाला जॉर्डन मेसन, ज्याला २०२२च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं.

२०१८च्या लॉस एंजेलिस रॅम्सची गोष्ट याहून वरताण. टॉड गर्लीचा बॅकअप माल्कम ब्राउन डिसेंबरच्या सुरुवातीला जखमी झाला, मग गर्लीचा गुडघा दुखायला लागला. रॅम्सनी रस्त्यावरून उचलावा तसा सी. जे. अँडरसनला करारबद्ध केला, ज्याला त्याच सीझनमध्ये दोन टीम्सनी सोडलं होतं. त्याने अ‍ॅरिझोनाविरुद्ध १६७ यार्ड काढले, आणि तेही पुष्कळ लीगमध्ये फायनल असते त्याच आठवड्यात! हँडकफ सांभाळणारे बसले बघत.

आपल्या क्रिकेटमध्येही हे झालेलं आहे. फेब्रुवारी २०१०, नागपूर कसोटी. रोहित शर्मा पदार्पण करणार होता, टॉसच्या आधी वॉर्म-अपमध्ये दुखावला. मग आत कोण आला? वृद्धिमान साहा, राखीव विकेटकीपर, आणि तो खेळला निव्वळ बॅट्समन म्हणून. धोनीच्या बॅकअपने रोहितची जागा घेतली. रोहितला कसोटी पदार्पणासाठी नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला.

मग दुसऱ्यांचे बॅकअप निवडायचे कसे? मी तीन गोष्टी बघतो. पहिली, काम अख्खं मिळणार की वाटून? २०२३मध्ये क्लीव्हलंडचा निक चब गेल्यावर जेरोम फोर्डने ८१३ यार्ड काढले, पण टीमने करीम हंटला परत बोलावलं आणि गोल लाइनजवळचे टचडाउन तोच खात गेला, तब्बल ९. दुसरी, समोरची लाइन आणि कोच कसे? माइक शॅनहनच्या डेन्व्हरमध्ये १९९९ला टेरेल डेव्हिसचा गुडघा गेला तर ओलँडिस गॅरीने ११५९ यार्ड काढले, पुढच्या वर्षी माइक अँडरसनने १४८७. माणसं बदलली, पीक तसंच. तिसरी, मागे उभा असलेला तिसरा माणूस कोण? तो जितका कच्चा, तितका तुमचा तिकीट नंबर चांगला.

एक अपवाद मात्र मान्य. डिसेंबरमध्ये प्लेऑफ आले, सगळ्या टीम्सच्या सुट्टीचे आठवडे संपले, ट्रेडची मुदत गेली आणि तुमची टीम वरच्या दोन-तिघांत आहे. अशा वेळी लॉटरी लागायला आठवडेच उरलेले नसतात आणि तुमच्याकडे राखण्यासारखं काहीतरी असतं. तेव्हा बेंचवरची तिकिटं फेका आणि खुशाल स्वतःचा हँडकफ घ्या.

आता थोडं न आवडणारं. हे सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे कुणाचा तरी गुडघा. १८ सप्टेंबर २०२३ला पिट्सबर्गमध्ये चबचा गुडघा असा काही मोडला की ईएसपीएनने तो प्रसंग पुन्हा दाखवला नाही. कॉलेजात २०१५ला मोडलेला तोच डावा गुडघा. परत मैदानात यायला त्याला ऑक्टोबर २०२४ उजाडला. आणि त्या रात्री हजारो घरांत लोक 'फोर्ड मोकळा आहे का?' हे बघत होते. मी सांगतोय त्या पद्धतीत तर दुसऱ्याच्या खेळाडूवर डोळा ठेवूनच बसायचं. मग हे गिधाडासारखं नाही का?

मला वाटतं, ते माणसाने स्वतः कुठे थांबायचं ठरवण्यावर आहे. दुखापत आपण घडवत नाही, पण तिच्यावर आनंद व्यक्त करायचा की नाही हे आपल्याच हातात असतं. आमच्या लीगमध्ये खेळाडू मैदानावर पडलेला असताना कुणीही त्याच्या बॅकअपचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम आहे, आणि तो मला फॅन्टसीतल्या कुठल्याही गणितापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कारण खरे टीम मालकही रनिंग बॅककडे असंच बघतात: हा मोडला तर दुसरा आहे. बेलने २०१८मध्ये साधारण १.४५ कोटी डॉलरवर पाणी सोडलं ते त्याच हिशोबाशी भांडताना. आणि त्याच्या जागी आलेल्याची सुटका होते असंही नाही. कॅन्सस सिटीचा लॅरी जॉन्सन २००५मध्ये प्रीस्ट होम्स जखमी झाल्यावर मुख्य झाला आणि १७५० यार्ड पळाला. पुढच्या वर्षी त्याला ४१६ वेळा पळवलं, जो आजवरचा विक्रम आहे. २००७मध्ये त्याचा पाय गेला. त्याच्या जागी कोण आला असेल? तोच प्रीस्ट होम्स, दोन आठवड्यांपुरता. मग मानेच्या दुखापतीने त्यानेही निवृत्ती घेतली.

तेव्हा बेंचवर तीन तिकिटं ठेवा, दुसऱ्यांच्या नावाची. ती लागली नाहीत तर तुमचा फारसा तोटा नाही, आणि सगळे धडधाकट राहिले तर मॅच बघायला जास्त मजा येते. तुमच्या लीगमधला हँडकफवाला ऑगस्टमध्ये तुम्हाला हसेल. हसू दे. फक्त नोव्हेंबरमध्ये तो तुमच्याकडे ट्रेड मागायला आला की भाव नीट लावा :)