गाडीत बूस्ट गेज बसवायचाय? गेज कुठला घेतला यापेक्षा वायर कुठून काढली ते बघा

रील तुम्ही पण बघितलं असेल. रात्रीचा एक्स्प्रेसवे, डॅशबोर्डवर लाल उजेडातला गोल मीटर, ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि काटा झपकन उजवीकडे पळतो. खाली कमेंटमध्ये ठरलेले तीन प्रश्न : कुठून घेतला, केवढ्याला पडला आणि माझ्या गाडीत बसेल का? याला करंट कुठून दिलाय, हे मात्र कोणी विचारत नाही.

आता मुळात हा काटा अचानक एवढ्या लोकांना का हवाय? त्याचं एक मोठं कारण आहे टॅक्स.

२००६ च्या बजेटमध्ये सरकारने छोट्या गाडीची व्याख्या ठरवली. लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. यात बसलात तर कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तरी ही रेघ तशीच राहिली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. मग कंपन्यांनी काय केलं, तर इंजिन छोटं ठेवलं आणि ताकदीसाठी टर्बो लावला. व्हेन्यू आणि फ्राँक्सचं टर्बो इंजिन ९९८ सीसी, एक्सयूव्ही ३एक्सओचं ११९७, नेक्सॉनचं ११९९. म्हणजे रेघेला चिकटून. पूर्वी टर्बो पेट्रोल म्हणजे हौशी लोकांचा विषय होता, आता तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा आहे.

टर्बो करतो काय, तर एक्झॉस्टच्या गॅसवर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबतो. ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाबाने आत चालली आहे, ते बूस्ट गेज दाखवतो. पेट्रोल गाडी न्यूट्रलला उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, म्हणून काटा शून्याच्या खाली जातो. चढाला दाबलं की तो शून्य ओलांडतो. काटा नेहमी जिथपर्यंत जायचा तिथपर्यंत जात नसेल, तर कुठेतरी पाईप फाटलाय किंवा टर्बोचं काहीतरी अडकलंय, हे लवकर कळतं. गेजचा खरा उपयोग हा. बाकी बूस्ट किती द्यायचा ते गाडीचा ईसीयू ठरवतो, काट्याकडे बघून तुम्ही त्यात काही करू शकत नाही.

आता फिटिंगकडे येऊ, कारण खरा विषय तिथे आहे.

गेजला दोन गोष्टी लागतात, हवेचा दाब आणि वीज. दाबासाठी इनटेक मॅनिफोल्डच्या बारीक नळीत एक टी जोडतात. जुन्या पद्धतीच्या गेजमध्ये ती नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते, नव्यात सेन्सर बॉनेटखालीच राहतो आणि आत फक्त वायर येते. दुसरी पद्धत चांगली. ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी समोर दिसते म्हणून काही जण तिथेच टी मारतात. तो जोड निसटला तर ब्रेकची मदत कमी होते आणि पेडल दगडासारखं लागतं. घाटात उतरताना हे झालं तर काय, याचा विचार करा.

विजेच्या साधारण चार वायर असतात. एक कायम बारा व्होल्टची, एक चावी फिरवल्यावर सुरू होणारी, एक डॅशबोर्डच्या लाईटची आणि एक अर्थची. काम दिसायला सोपं, म्हणून अर्ध्या तासात उरकतात. मूळ लूममधली एखादी वायर ब्लेडने सोलायची, त्यावर गेजची वायर पिळायची आणि काळी टेप गुंडाळायची. एप्रिल-मेच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो, जोड सैल होतो, सैल जोड गरम होतो. आणि हा जोड असतो डॅशबोर्डच्या मागे, फोम आणि प्लास्टिकच्या मध्ये.

इथे फ्यूज वाचवेल असं वाटतं. पण फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे असेल तरच वाचवतो. गेज एक अँपिअरही खात नाही, त्यामुळे त्याची वायर बारीक असते. तीच वायर २० अँपिअरच्या फ्यूजवरून काढली आणि कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडायच्या आधी वायर जळू शकते. योग्य मार्ग म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप लावायचा आणि गेजसाठी २ किंवा ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यायचा. कंपनीच्या वायरला ब्लेड लावायचंच नाही. बॉनेटमधून आत येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच यायला हवी, उघड्या पत्र्याच्या भोकातून नाही. अर्थ रंग लागलेल्या स्क्रूला नाही, तर मोकळ्या धातूच्या बोल्टला.

कायम करंटची आणि चावीची वायर उलटसुलट झाली, तर गेज गाडी बंद असतानाही सुरू राहतो. तो १०० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला २.४ अँपिअर-अवर गेले. गणपतीला आठ दिवस ट्रेनने गावी गेलात, की ३५ अँपिअर-अवरची निम्म्याहून जास्त बॅटरी खाली. परत आल्यावर शिव्या बॅटरीवाल्याला.

अजून एक गोष्ट रीलमध्ये फार छान दिसते. काचेच्या कडेच्या खांबावर बसवलेला गेज. ज्या गाडीत कर्टन एअरबॅग आहे, तिथे ती त्याच खांबाच्या आतून आणि वरून उघडते. तिच्या वाटेत प्लास्टिकचा वाडगा आणि त्यात काचेचा मीटर बसवणं म्हणजे अपघातात तो तुमच्याच तोंडाकडे फेकायची सोय. पिवळ्या कपलरच्या वायर एअरबॅगच्या असतात, त्यांना तर हातच लावू नये.

हे बेकायदा आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. मनाई असलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. पण आरसीत डॅशबोर्डवरच्या मीटरचा रकाना नसतो, त्यामुळे नुसत्या गेजने हे कलम लागू होईल असं वाटत नाही. गेजनंतर ट्यूनिंगची खाज सुटते, तो वेगळा विषय.

खरी अडचण वॉरंटी आणि विम्याची. बाहेरच्या वायरिंगमुळे झालेला बिघाड कंपनी भरून देणार नाही, हे बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत लिहिलेलं असतं. गाडी जळाली तर सर्व्हेअर आग कुठून लागली ते शोधतो, आणि डॅशबोर्डमागे टेपचा जोड सापडला की वाद सुरू. कंपनीने न बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत वेगळ्या दाखवाव्या लागतात. मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी आयएमटी २४ नावाचं कलम आहे आणि जादा प्रीमियम वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. पाच हजारांच्या गेजला दोनशे रुपये. एवढ्यासाठी लोक दहा लाखांच्या गाडीचा क्लेम पणाला लावतात.

नुसतं कुतूहल असेल तर वायर ओढायची गरजच नाही. बऱ्याच नव्या टर्बो गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आधीच असतो. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर लावला की आकडा मोबाईलवर येतो. फक्त तो एकूण दाब असतो, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करायचा. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. म्हणजे स्क्रीनवर १८० दिसले तर मुंबईत बूस्ट ७९ आणि महाबळेश्वरला ९४. वर हवा विरळ, म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी टर्बोला जास्त राबावं लागतं. हे बघून झालं की अ‍ॅडॅप्टर काढून ठेवा, तोही बॅटरी खातो.

तरीही काटाच हवा असेल, तर फिटिंगवाल्याला काम सुरू करायच्या आधी विचारा की फ्यूज टॅप आहे का आणि टी कुठल्या नळीवर मारणार. पॅनल बंद करण्यापूर्वी प्रत्येक जोडाचा फोटो काढा, पक्कं बिल घ्या आणि पॉलिसी रिन्यू करताना ते बिल जोडा.